नेमलेली कादंबरी आणि तिचा वाचक : ‘ययाति’च्या अध्यापनासंबंधी काही विचार

१

एखादी साहित्यकृती विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात नेमली जाते तेव्हा तिचा मजकूर बदलत नाही. बदलतो तो तिचा वाचक. एरवी पुस्तक हाती घेणारा वाचक कोणाला उत्तर देणे लागत नाही. पुस्तक कंटाळवाणे वाटले तर तो ते मिटून ठेवतो, आवडले तर रात्र जागवतो, आणि का आवडले हे सांगता आले नाही तरी त्याचे काही अडत नाही. नेमलेल्या पुस्तकाच्या वाचकाला मात्र पहिल्या पानापासूनच प्रश्नपत्रिका दिसू लागते. साहित्याच्या अध्यापनाविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा ‘कोणते पुस्तक नेमावे’ या प्रश्नाभोवती फिरते. नेमल्यानंतर विद्यार्थ्याच्या वाचनाचे काय होते, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. प्रस्तुत लेखात वि. स. खांडेकर यांच्या ‘ययाति’ (१९५९) या कादंबरीच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

ही कादंबरी निवडण्यास स्थलविशिष्ट कारणही आहे. शिरोड्याच्या शाळेत १९२० पासून अठरा वर्षे अध्यापन केल्यानंतर खांडेकर १९३८ मध्ये कोल्हापुरास आले आणि पुढे राजारामपुरीत स्थायिक झाले. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी स्थापन झालेले शिवाजी विद्यापीठ या वस्तीपासून दूर नाही, आणि खांडेकरांचे स्मृतिसंग्रहालयही आज विद्यापीठाच्याच आवारात आहे. ज्यांची नावे क्रमांकानेच घेतली जातात अशा राजारामपुरीच्या गल्ल्यांतून खोली घेऊन राहणारा, साहित्याचा अभ्यास करणारा विद्यार्थी हा म्हणूनच ‘ययाति’चा एका अर्थी शेजारी होय. या शेजाऱ्याला कादंबरी कितपत भेटते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

२

प्रथम थोडी पूर्वपीठिका. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. आरंभी तेथील अभ्यासक्रमात मराठीला असलेले स्थान थोड्याच वर्षांत गेले, आणि देशी भाषांना विद्यापीठात पुन्हा प्रवेश मिळावा म्हणून न्या. महादेव गोविंद रानडे यांना दीर्घकाळ प्रयत्न करावे लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी एम. ए. च्या परीक्षेत मराठीचा प्रवेश झाला तो या प्रयत्नांच्या परिणामी. मातृभाषेतील वाङ्मय शिकवावयाचे म्हणजे काय शिकवावयाचे, ते तर सर्वांनाच कळते, हा आक्षेप मराठीपुरता मर्यादित नव्हता. इंग्लंडातही इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापनाला तो ऐकून घ्यावा लागला, आणि केंब्रिजमध्ये इंग्रजीची स्वतंत्र पदवीपरीक्षा १९१७ मध्येच अस्तित्वात आली. या आक्षेपाला उत्तर देताना नव्या विषयाला आपला कठीणपणा सिद्ध करावा लागतो. जे तपासता येते आणि ज्याला गुण देता येतात, त्याकडे अध्यापन साहजिकच झुकते. कथानकाचा सारांश, स्वभावचित्रे, भाषाशैलीचे विशेष, शीर्षकाची समर्पकता ही परिचित चौकट या गरजेतून बळावली, असे म्हटल्यास ते वावगे होणार नाही.

या चौकटीची केवळ थट्टा करणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. घरात पुस्तकाचे एकही कपाट नसलेला आणि घराण्यातील पहिलाच पदवीधर होऊ पाहणारा विद्यार्थी जेव्हा साहित्याच्या वर्गात बसतो, तेव्हा काहीतरी निश्चित हाती लागावे अशी त्याची रास्त अपेक्षा असते. शेकडो उत्तरपत्रिका समान मापाने तपासणाऱ्या परीक्षकालाही काही निश्चिती हवीच असते. बाजारातील मार्गदर्शक पुस्तिका खपते ती या दोन निश्चितींना जोडते म्हणून. तेव्हा प्रश्न चौकट असावी की नसावी हा नाही. ती ज्या कृतीवर बसवली जाते त्या कृतीच्या घडणीशी तिचा मेळ बसतो की नाही, हा आहे.

३

‘ययाति’च्या बाबतीत तो बसत नाही. ‘ययातीचे स्वभावचित्र रेखाटा’ हा नित्य विचारला जाण्याजोगा प्रश्न घ्या. या प्रश्नात एक गृहीत दडलेले आहे : ययाती कसा आहे हे कादंबरीत कोणीतरी विश्वसनीय निवेदकाने सांगून ठेवले आहे, विद्यार्थ्याने ते गोळा करावयाचे. महाभारताच्या आदिपर्वातील ययात्युपाख्यानाविषयी हे एक वेळ म्हणता येईल. तेथे वैशंपायन जनमेजयाला कथा सांगतो. तो कथेच्या बाहेर उभा आहे. खांडेकरांनी नेमका हा बाहेरचा निवेदक काढून टाकला. त्यांच्या कादंबरीत ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघे आळीपाळीने, आपापल्या नावाच्या मथळ्याखाली, प्रथम पुरुषात बोलतात. आपल्याविषयी बोलणारा माणूस स्वभावचित्र रेखाटत नसतो. तो कैफियत मांडत असतो. ययाती स्वतःला दुःखी म्हणतो म्हणून तो दुःखी ठरत नाही, आणि देवयानी शर्मिष्ठेविषयी जे सांगते ती शर्मिष्ठेविषयीची साक्ष असण्यापेक्षा देवयानीविषयीचीच साक्ष अधिक आहे.

विद्यार्थ्याचे उत्तर मात्र या तीन कैफियतींतील वाक्ये वेचून, ती कोणी, कोणासंबंधी आणि कोणत्या प्रसंगानंतर उच्चारली हे बाजूस ठेवून, एकाच यादीत बसवते. कचाच्या बाबतीत ही गफलत अधिकच स्पष्ट होते. महाभारतात संजीवनी विद्या मिळवून आणि देवयानीशी शापांची देवघेव करून कच स्वर्गाला जातो व कथेतून जवळजवळ नाहीसा होतो. खांडेकरांनी त्याला परत आणले आणि ययातीच्या भोगलालसेसमोर संयमाचा आदर्श म्हणून उभे केले. परंतु त्याला निवेदन दिले नाही. कच वाचकाला दिसतो तो त्याच्यावर रुष्ट झालेल्या, त्याच्यासमोर ओशाळलेल्या किंवा त्याच्यापाशी आधार शोधणाऱ्या माणसांच्या डोळ्यांनी. त्याची उदात्तता ही कितपत त्याची आणि कितपत पाहणाऱ्यांच्या गरजेची, असा प्रश्न विचारण्यास कादंबरीची घडण पूर्ण वाव देते. ‘कच : एक आदर्श व्यक्तिरेखा’ या मथळ्याखाली तो प्रश्न उद्भवतच नाही.

याला आणखी एक कारण कादंबरीच्या बांधणीतच आहे. खांडेकरांनी ग्रंथाच्या अखेरीस ‘पार्श्वभूमी’ जोडून आपला हेतू विस्ताराने स्पष्ट केला आहे. आधुनिक माणसाची अनिर्बंध भोगवृत्ती हा आपल्या ययातीचा खरा अर्थ, असे त्यांचे तेथील सांगणे आहे. लेखकाला असे सांगण्याचा अधिकार आहेच. शिवाय अठरा वर्षे शाळेत शिकवलेल्या लेखकाला आपला वाचक चुकू नये असे वाटले तर त्यात नवल नाही. मात्र परीक्षेच्या दृष्टीने पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ही पाने म्हणजे तयार उत्तरच वाटते. परिणामी कादंबरीची शेकडो पाने ही त्या काही पानांचे उदाहरण होऊन बसतात. वाचनाचा क्रमच उलटा होतो : आधी अर्थ, मग पुरावा.

४

मग विद्यार्थ्याच्या हाती कादंबरी प्रत्यक्ष कशी द्यावी? येथे भाषाविज्ञानाची थोडी मदत होऊ शकेल. केंब्रिज येथे आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावे न सांगता कविता वाचावयास दिल्या आणि त्यांनी लिहून आणलेल्या अभिप्रायांचा अभ्यास १९२९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. चांगले शिक्षण लाभलेले विद्यार्थीसुद्धा नावाचा आधार सुटताच ठरीव प्रतिसादांचा आश्रय घेतात, असे त्यांना आढळले. ‘ययाति’च्या संदर्भात मराठीला साजेसा असाच एक प्रयोग करता येण्याजोगा आहे. निवेदकाच्या नावाचा मथळा झाकून एखादा परिच्छेद विद्यार्थ्यांपुढे ठेवावा आणि विचारावे : हे कोण बोलत आहे, आणि हे तुम्ही कशावरून ओळखले?

मराठीत या प्रश्नाला पहिले उत्तर क्रियापद देते. ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’, ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ यांतील प्रत्ययावरून बोलणाऱ्याचे लिंग कळते. पण ते नेहमीच कळत नाही. ‘मी जाईन’ या भविष्यकाळी रूपात लिंगभेद नाही. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात क्रियापद कर्माच्या आधीन होते : ‘मी पत्र वाचले’, ‘मी दार उघडले’, ‘मी त्याला पाहिले’. या वाक्यांतील ‘मी’ पुरुष की स्त्री, याविषयी व्याकरण मौन पाळते. (‘म्हणणे’, ‘विसरणे’, ‘शिकणे’ यांसारखी काही क्रियापदे मात्र सकर्मक असूनही कर्त्याला धरून चालतात.) म्हणजे काळजीपूर्वक निवडलेल्या चारसहा वाक्यांत निवेदकाची व्याकरणिक खूण पूर्णपणे लोपते. तेव्हा विद्यार्थ्याला अन्य खुणा शोधाव्या लागतात : शब्दांची निवड, वाक्यांची लय, उपमांचे क्षेत्र, आणि माणूस कशावर थांबतो व काय टाळून पुढे जातो ते.

आणि येथेच या कादंबरीविषयीचा एक महत्त्वाचा निष्कर्ष हाती येतो. या खुणा फारशा सापडत नाहीत. तिघेही निवेदक सारख्याच अलंकृत, सुभाषितांकडे झुकणाऱ्या, प्रश्न आणि उद्गार यांनी उसळणाऱ्या मराठीत बोलतात. क्रियापदाचा प्रत्यय आणि कथेतील घटना वगळल्या तर त्यांचे आवाज वेगळे करणे कठीण आहे. तीन ‘मी’ योजूनही भाषा मात्र एकाच ‘मी’ची, लेखकाची, राहिली आहे. हा दोष होय, आणि तो लपवण्याचे कारण नाही. तथापि या दोषाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. संस्कृत नाटकाच्या संकेतानुसार राजा संस्कृत बोलतो, स्त्रिया आणि सेवक प्राकृत बोलतात. पायरी उतरली की भाषाही उतरते. खांडेकरांच्या शर्मिष्ठेचे राजकन्यापद जाते, ती देवयानीची दासी होते. पण तिची भाषा खाली येत नाही. हस्तिनापूरच्या राजाइतक्याच भारदस्त वाक्यांत ती आपले दुःख मांडते. एकसुरीपणा हा कलेच्या दृष्टीने तोटा. पण त्याच एकसुरीपणामुळे दासीच्या शब्दाला राजाच्या शब्दाइतके वजन आले, हा लाभ. या दोहोंचा हिशेब विद्यार्थ्याने स्वतः मांडावयाचा आहे, आणि तो कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेतून उतरवून घेता येत नाही.

५

या प्रयोगात कोल्हापूर परिसरातील विद्यार्थिनीचे स्थान विशेष आहे. या भागातील बोलीत मुली आणि स्त्रियाही सहजपणे ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे म्हणतात. प्रमाण मराठीने स्त्रीसाठी राखून ठेवलेले ‘मी आले’ हे रूप अशा विद्यार्थिनीने घरी कमानेच ऐकलेले असते. ते ती शाळेत आणि पुस्तकांत शिकते. वर्गात तिच्या ‘आलो’ला हसू येते आणि उत्तरपत्रिकेत त्याखाली तांबडी रेघ ओढली जाते. साहित्याचा अभ्यासक्रम म्हणजे आपली भाषा बाहेर ठेवून आत यावयाची जागा, अशी तिची समजूत झाली तर तो दोष तिचा नव्हे.

परंतु ‘ययाति’च्या वाचनात हीच विद्यार्थिनी इतरांच्या एक पाऊल पुढे असू शकते. देवयानी किंवा शर्मिष्ठा ‘मी आले’ म्हणते तेव्हा प्रमाणभाषेत वाढलेल्या वाचकाला त्यात काहीच खटकत नाही. स्त्री असेच बोलणार, असे तो धरून चालतो. ज्या विद्यार्थिनीची आई ‘मी आलो’ म्हणते, तिला मात्र हे रूप म्हणजे निसर्ग नसून संकेत आहे, हे सांगावे लागत नाही. लिखित मराठीत ‘मी’ म्हणताच स्त्रीला पुष्कळदा आपले स्त्रीत्व आधी नोंदवावे लागते, ही गोष्ट तिला बाहेरून दिसते. कादंबरीतील स्त्रीचा ‘मी’ कसा रचला गेला आहे, हा प्रश्न विचारण्याची तिची तयारी तिच्या बोलीनेच करून ठेवलेली असते. अध्यापकाने तो प्रश्न विचारण्याची तेवढी तिला परवानगी द्यावयाची आहे. प्रमाणरूपे शिकवूच नयेत, असा याचा अर्थ नव्हे. विद्यार्थिनीची बोली ही दुरुस्त करण्याची चूक म्हणून नव्हे, तर निरीक्षणाचे साधन म्हणून वर्गात यावी, एवढेच येथे अभिप्रेत आहे.

खुद्द खांडेकरांचे उदाहरणही या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला, पण पदवी न घेताच त्यांना शिक्षण सोडावे लागले. त्यांचे पुढील वाचन कोणत्याही परीक्षेसाठी नव्हते. ‘ययाति’ला साहित्य अकादमीचे पारितोषिक १९६० मध्ये मिळाले, १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना मिळाला, आणि पदवी न घेतलेला हा लेखक पदवीच्या अभ्यासाचा विषय झाला. यावरून पदवी निरर्थक ठरत नाही. नेमलेल्या पुस्तकापलीकडे जाणारे वाचन हे नेमलेले पुस्तक समजण्याचीही अट आहे, इतके मात्र ठरते.

या विवेचनातून अध्यापनासाठी तीन सूचना निघतात. पहिली, ‘पार्श्वभूमी’चे वाचन कादंबरीच्या चर्चेनंतर व्हावे, आणि लेखकाचे मत हे अनेक वाचनांपैकी एक म्हणून तपासले जावे. दुसरी, एकच कथा तीन रूपांत समोर ठेवावी : आदिपर्वातील बाहेरच्या निवेदकाची, खांडेकरांची तीन निवेदकांची, आणि गिरीश कार्नाड यांच्या १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ययाति’ या कन्नड नाटकातील, निवेदकच नसलेली. कार्नाडांनी पुरूला पत्नी देऊन त्याच्या त्यागाची किंमत दुसऱ्या कोणाला मोजावी लागते हे दाखवले. ते वाचल्यावर खांडेकरांच्या कथेत कोणाला आवाज मिळाला नाही, हे विद्यार्थ्याला आपोआप सुचेल. तिसरी, प्रश्नपत्रिकेत निदान एक प्रश्न असा असावा, की ज्यात अपरिचित उतारा देऊन त्यातील निवेदकाविषयी विद्यार्थ्याने सकारण मत मांडावे, आणि गुण मताला नव्हे तर कारणांना मिळावेत.

या सूचनांना खर्च लागत नाही. वेळ मात्र लागतो. मोठ्या वर्गात त्या सर्वस्वी अमलात येणार नाहीत, हेही उघड आहे. तथापि वर्षातून दोन तास जरी मथळा झाकून वाचन झाले, तरी ‘हे कोण बोलत आहे?’ असे विचारण्याची सवय विद्यार्थ्याला लागेल. कादंबरी परीक्षेनंतर विसरली जाईल. ही सवय वर्तमानपत्र वाचताना आणि व्यासपीठावरील भाषण ऐकतानाही त्याच्याजवळ राहील.