चौकटीची वही

पुस्तक हातात घेतलं की बोटांना आधी लागतो तो इलॅस्टिकचा पट्टा. तो सरकवल्याशिवाय आत प्रवेश नाही. कोपरे गोलसर, मधून लोंबणारी रेशमी खूणफीत, आणि पान उघडावं तर कागदभर फिकट रेघांचे बारीक चौकोन. गणितासाठी शाळेत आपण जी चौकटीची वही वापरली, तिचीच ही दूरची, जरा सुखवस्तू बहीण. एड्रियन टोमिने या अमेरिकन चित्रकथाकाराचं ‘द लोन्लीनेस ऑफ द लाँग-डिस्टन्स कार्टूनिस्ट’ हे आत्मकथन २०२०मध्ये या रूपात आलं. छापील पुस्तकानं वहीचं सोंग घ्यावं, आणि तेही इतक्या निगुतीनं, की पहिल्या पानावर आपण नकळत आवाज खाली आणतो, दुसऱ्याची रोजनिशी चोरून वाचत असल्यासारखा!

नाव अॅलन सिलिटोच्या १९५९च्या कथेवरून घेतलेलं. तिथला पोरगा लांब पल्ल्याची धाव धावतो. इथला नायक बहुतेक वेळ टेबलामागे बसलेला असतो. त्याचा पल्ला वर्षांचा आहे. फ्रेस्नोमधल्या शाळेच्या वर्गात १९८२मध्ये, मोठेपणी चित्रकथा काढणार असं तो सांगतो आणि पोरांच्या टिंगलीचा धनी होतो. तिथून २०१८पर्यंत हा हिशेब चालतो. मधल्या काळात घडलेलं खरं तर हेवा वाटावा असं. सोळाव्या वर्षी स्वतःच छापून विकलेलं ‘ऑप्टिक नर्व्ह’, १९९५पासून मॉन्ट्रियलच्या ‘ड्रॉन अँड क्वार्टर्ली’सारख्या प्रकाशकाचा आधार, पुढे ‘न्यूयॉर्कर’ची मुखपृष्ठं. वहीत मात्र जमेची बाजू जवळजवळ कोरी, आणि नावे टाकलेला प्रत्येक अपमान तारीखवार.

आता एक पान सावकाश पाहू. बहुतेक पानांवर सहा सारख्या चौकटी. ना कुठली मोठी, ना कुठली तिरकी. रंग नाही. टोमिनेच्या इतर पुस्तकांत दिसणारी ती कोरीव, इस्त्री केल्यासारखी रेषाही इथे नाही. इथली रेषा साधी, चटकन काढल्यासारखी, चष्मा आणि तोंडाची एक बारीक आडवी रेघ एवढ्यावर सगळा चेहरा तोलून धरणारी. समोरचा बोलतो, टोमिने उत्तरतो, समोरचा आणखी एक वाक्य टाकतो, बहुधा प्रेमानंच आणि म्हणूनच जास्त झोंबणारं. आणि मग येते ती बिनशब्दांची चौकट. त्यात काहीच घडत नाही. तोच माणूस, तोच चष्मा, तीच आडवी रेघ, फक्त ती केसभर खाली झुकलेली. सहा मात्रांच्या दादऱ्यात चौथ्या मात्रेवर खाली येते आणि सगळं आवर्तन तिच्यावर हेलकावा घेतं, तसं हे पान त्या मुक्या चौकटीवर झुलतं. (ती दर वेळी चौथीच असते असं नाही, वादक मुरलेला आहे.) आपलं हसू फुटतं ते तिथे, समोरच्याच्या वाक्यावर नव्हे, आणि फुटता फुटता जरा ओशाळतंही.

कारण तो बहुतेकदा ज्यामागे बसलेला असतो, ते स्वाक्षऱ्यांचं टेबल आपल्या ओळखीचं आहे. ग्रंथप्रदर्शनात स्वतःच्या कवितासंग्रहांच्या चळतीमागे बसलेल्या कवीची नजर चुकवत, शेजारच्या गाळ्यातल्या पाककृतींमध्ये अचानक रस दाखवत आपण पुढे सरकलेलो असतो. टोमिने ते दृश्य टेबलाच्या पलीकडून दाखवतो. उघडं पेन, सरळ रचलेली पुस्तकं, रिकाम्या खुर्च्या, आणि दुकानदाराची ती केविलवाणी लगबग, जिच्यामुळे रिकामेपण अधिकच मोठं दिसतं. चित्रकथाकार एकांतात महिनोन्‌महिने रेघा ओढतो, आणि मग त्याला एकदम माणसांसमोर मांडून ठेवतात, मालाशेजारी. बिचाऱ्याला दोन्ही जागी बसायचं असतं ते एकट्यानंच.

आणखी एक बारकावा मला फार आवडतो. टोचून बोलणाऱ्या काहींची नावं फुग्यातच काळ्या पट्टीखाली झाकलेली आहेत. ती सभ्यता म्हणावी, की सूड? झाकलेलं नाव उघड्या नावापेक्षा जास्त खुणावतं, हे चित्रकाराला कळत नसेल असं कसं म्हणावं! आणि दुसऱ्यांची नावं तो अशी जपतो तेव्हा त्याच्या स्वतःच्या नावाचे मात्र जागोजागी हाल. एका पुरस्कार सोहळ्यात नामांकनं वाचणाऱ्याची जीभ या जपानी आडनावापाशी अडखळते, आणि प्रेक्षकांत बसलेला तो चष्मा निमूट ऐकून घेतो. रोमन लिपीत ‘टोमाइन’ वाचायलाही मोकळीक आहे. देवनागरीत ‘टोमिने’ लिहिलं की प्रश्नच मिटतो, याचं मला थोडं बालिश समाधान आहे.

शेवटाकडे छातीत कळ येते, इस्पितळ गाठावं लागतं, आणि विनोदाखाली इतका वेळ दबलेली भीती प्रथमच मोकळी होते: इतकी वर्षं कुढत काढली, ती कशापायी? इथे पानं शब्दांनी भरून जातात. मुकी चौकट आता परवडत नाही. तो सुखरूप घरी येतो. आणि रात्री उठून टेबलाशी बसतो, एक वही उघडतो. चौकटीची.

आपला अंगठा तेव्हा त्याच कागदावर टेकलेला असतो.

रिकाम्या स्वाक्षरी-कार्यक्रमांचं हे पुस्तक बाहेर पडलं ते नेमकं महामारीच्या उन्हाळ्यात, जगभरचे स्वाक्षरी-कार्यक्रम रद्द झालेले असताना. पुढच्या वर्षी त्याला चित्रकथांसाठीचे दोन आयस्नर पुरस्कार मिळाले, एक आत्मकथनासाठी आणि एक या वहीच्या देखण्या सोंगासाठी. सोहळा त्या साली ऑनलाइन झाला. ना सभागृह, ना टेबल, ना खुर्च्या.