देवापुढचे हसू

हास्य आणि भक्ती यांचे एकमेकांशी पटत नाही, असा समज आपल्या सुशिक्षित वर्गात बराच दृढ झालेला आहे. देवघरात आवाज खाली आणावा, चेहरा गंभीर करावा आणि विनोद ओसरीवर ठेवून यावा, ही शिस्त आपण लहानपणीच शिकतो. या पक्षाच्या बाजूने दोन साक्षीदार हटकून पुढे केले जातात. एक, गणपतीला हसून शाप पावलेला चंद्र; दुसरे, विनोदाची आवड टवाळांच्या माथी मारणारे समर्थ. दोन्ही साक्षी वजनदार खऱ्या. तथापि मराठी भक्तिवाङ्मयाचे एक मोठे दालन या समजाविरुद्ध उभे आहे, आणि ते उघडून पाहिल्यावाचून निकाल देणे न्यायाचे होणार नाही. ते दालन म्हणजे एकनाथांची भारुडे.

नाथांच्या अधिकाराविषयी कोणी शंका घेणार नाही. १५७३ मध्ये काशीस एकनाथी भागवत पूर्ण करणारे आणि १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी करणारे ते हेच. पाठभेदांच्या गर्दीतून एकेक ओवी पारखून घेणाऱ्या या पुरुषाची श्रद्धा उथळ होती, असे कोण म्हणेल? त्यांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीच्या किल्ल्यावरील अधिकारी. जमाखर्चात न जुळणारी एक पै शोधण्यासाठी नाथ रात्रभर दिव्याशी बसले आणि ती सापडताच टाळी वाजवून आनंदले, ही आख्यायिका फायलींच्या ढिगाऱ्यात दिवस काढणाऱ्या आमच्या वाचकांना तरी नव्याने सांगावयास नको. अशा काटेकोर माणसाने जोशी, गोंधळी, वाघ्या, भुत्या, फकीर अशी शंभराहून अधिक सोंगे आपल्या कवितेत नाचविली आणि पैठणच्या वाळवंटातील साध्या माणसांना पोट धरून हसविले. हे त्यांनी भक्ती विसरून केले, की भक्तीसाठीच केले?

उत्तरासाठी भवानीला रोडगा बोलणाऱ्या सुनेचे प्रसिद्ध भारूड पाहावे. एक संसाराला कंटाळलेली बाई देवीला नवस करते. देऊ काय करते, तर रोडगा. म्हणजे विस्तवावर भाजलेला कणकेचा जाड गोळा. आणि त्याच्या मोबदल्यात मागते काय? परगावी गेलेला सासरा तिकडेच संपावा, जाच करणारी सासू नाहीशी व्हावी, तोंडाळ जाऊ विधवा व्हावी, नणंदेच्या किरकिऱ्या पोराला खरूज व्हावी. शेवटी नवऱ्याचाही बळी देण्यास ती तयार होते. देणे इतके स्वस्त आणि मागणे इतके भयंकर, हेच या विनोदाचे मर्म. श्रोता हसतो, कारण अशी सासू आणि अशी जाऊ त्याच्याही घरी असते. जावेच्या वैधव्यापाशी मात्र हे हसू घशात अडकते. ते अडकावे अशीच ती रचना आहे, असे आम्हांस वाटते. आणि मग नाथांची नाममुद्रा घेऊन अखेरचे कडवे येते. आता त्या बाईला कोणीच नको आहे. तिला एकटे राहावयाचे आहे. एका क्षणात सासू, सासरा, जाऊ, नणंद ही जिवाला चिकटलेल्या आसक्तीची नावे ठरतात आणि तिचे एकटेपण हे मुक्तीचे मागणे ठरते.

या साऱ्या प्रकारात भवानीची थट्टा कोठे आहे? थट्टा आहे ती तिच्याशी सौदा करणाऱ्या आपल्या स्वभावाची. सोयीची बदली व्हावी म्हणून नारळ आणि बढती मिळावी म्हणून सत्यनारायण बोलणाऱ्या आम्हां नोकरदारांना त्या सुनेला परके मानण्याचा अधिकार नाही. तिच्याजवळ रोडगा आहे, आमच्याजवळ नारळ आहे, हिशेब एकच. गंभीर प्रवचनाने ही गोष्ट सांगितली असती, तर श्रोत्याने मान डोलावून ती शेजाऱ्यास लागू केली असती. हसताना माणूस बेसावध असतो, म्हणून येथे ती त्याला स्वतःलाच लागू पडते.

आता पहिल्या दोन साक्षी पुन्हा तपासून पाहाव्यात. समर्थांनी टवाळीचा अव्हेर केला, हे खरेच. परंतु त्याच दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिला समास मूर्खांच्या लक्षणांचा आणि दहावा पढतमूर्खाच्या लक्षणांचा आहे, आणि न हसता ते वाचून दाखविणारा वाचक आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे. ती लक्षणे वाचताना प्रथम ओळखीची माणसे डोळ्यांपुढे येतात आणि थोड्याच वेळाने आपण स्वतः येतो. चंद्राची गोष्ट निराळी. तो आपल्या रूपाच्या तोऱ्यात दुसऱ्याच्या पोटाला हसला. त्या हसण्यात तो स्वतः कोठेच नव्हता. भक्तीला न साजणारे हसू ते हेच. हसणारा आपल्या हसण्यात स्वतः सापडतो की नाही, एवढी एकच कसोटी आम्ही सुचवू इच्छितो.

अर्थात भारुडाच्या प्रत्येक श्रोत्याला शेवटचा अर्थ उमगतो, असा आमचा दावा नाही. पुष्कळजण खरजेपाशी हसतात आणि तेथेच थांबतात. पण अर्थ समोर असतो. आज नाही तर दहा वर्षांनी तो भेटण्याची वाट मोकळी राहते. ही वाट बंद होऊ नये, हीच आमची चिंता आहे. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या मंडळांत भारूड आता मुख्यतः गणेशोत्सवातील कार्यक्रमापुरते उरले आहे. तेथे कधी नऊवारीतील नाच आणि सासूची फजिती तेवढी ठेवून, वेळ नाही म्हणून अखेरचे कडवे गाळतात. तर कधी अमराठी पाहुण्यांपुढे बरे दिसणार नाही म्हणून खरूज आणि रोडगा वगळून उरलेले भजनाच्या सुरात म्हणतात. पहिल्या पद्धतीत केवळ नक्कल उरते आणि दुसरीत केवळ उपदेश. दोन्हींच्या मुळाशी समज एकच, की हसू आणि श्रद्धा एका पंक्तीत बसू शकत नाहीत.

आपल्या मुलांच्या कानांवर मराठी आधीच थोडी पडते. त्यांना देव भेटतो तो बहुधा सभागृहातल्या खुर्चीवरून, हात जोडून आणि गप्प बसून. ज्या देवीपुढे आपल्या आज्या रडल्या, भांडल्या आणि हसल्याही, तिची ओळख या मुलांना व्हावयाची असेल, तर मंडळांच्या कार्यवाहांस आमची एकच विनंती आहे: भारूड ठेवा, तर ते खरजेसकट आणि अखेरच्या कडव्यासकट सबंध ठेवा. ते कडवे म्हणण्यास फार वेळ लागत नाही.