‘लाइट ऑफ एशिया’ची मोहिनी

अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) भुईकोट किल्ल्यात बंदिवान असता १९४४ साली पंडित जवाहरलाल नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. बुद्धकथेचे आकर्षण आपणांस बालपणापासून होते आणि एडविन आर्नोल्ड यांचे ‘लाइट ऑफ एशिया’ हे आपले आवडते पुस्तक होते, असे त्यात ते सांगतात. पुण्याच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविलेल्या आर्नोल्डांच्या या १८७९ सालच्या काव्याने जगभरच्या वाचकांना भुरळ घातली. आम्हांस ती कधी पडली नाही.

आर्नोल्डांचे ऋण आम्ही नाकारीत नाही. बुद्धगयेच्या दुरवस्थेवरील त्यांच्या लेखनाने अनागारिक धर्मपालांना प्रेरणा दिली, हे थोडे नव्हे. पण काव्यातील राजपुत्र पालि सुत्तांत शोधू जावे, तर तो सापडत नाही. वृद्ध, रोगी, प्रेत व संन्यासी यांच्या दर्शनाची कथा दीघनिकायातील महापदानसुत्तात आहे. परंतु तेथे ती विपस्सी बुद्धांची आहे. अस्ताव्यस्त निजलेल्या नर्तकींचा प्रसंग विनयपिटकाच्या महावग्गात येतो, तोही यश या श्रेष्ठिपुत्राच्या संदर्भात. अरियपरियेसनसुत्तात तथागत स्वतःच्या गृहत्यागाविषयी बोलतात, तेव्हा मध्यरात्र नाही, कंथक घोडा नाही. रडणाऱ्या आईबापांच्या इच्छेविरुद्ध मुंडन करून बाहेर पडलेला तरुण आहे. अत्तदंडसुत्तात तर संवेगाचे कारण माणसामाणसांतील कलह हेच दिले आहे. शेवटी आर्नोल्ड निर्वाणाला सागरात मिसळणाऱ्या दवबिंदूची उपमा देतात. ती ऐकावयास गोड आहे, पण हा वेदान्त झाला, निब्बान नव्हे.

एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा वा प्रेत पाहिलेच नव्हते, हे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बुद्धीला पटले नाही. ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ (१९५७) या ग्रंथात त्यांनी रोहिणीच्या पाण्यावरून पेटलेला शाक्य-कोलियांचा तंटा पुढे आणला. त्या मांडणीच्या ऐतिहासिक आधारांविषयी अभ्यासकांत मतभेद असतील. प्रश्न मात्र अचूक होता. असे असूनही आमच्याच विहारांतील बुद्धजयंतीच्या नाटुकल्यांत अजून मुले रथात बसून तीच चार दृश्ये पाहतात. दुःख पाहून पळणारा सुकुमार राजपुत्र आम्ही आमच्या मुलांपुढे का ठेवावा?

नगरच्या किल्ल्यात नेहरूंची खोली दाखवितात. तेथे आम्हांस आठवतात ते त्यांचे सहबंदी आचार्य नरेंद्र देव. वसुबंधूच्या अभिधर्मकोशाच्या फ्रेंच भाषांतरावरून हिंदी अनुवाद करण्याचे रूक्ष, किचकट काम ते त्याच भिंतींआड करीत होते.