मालक कोण? उमर इब्न सईद याचे आत्मकथन आणि त्याचे वाचक

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी तेथील सज्जनांनी जो निःस्वार्थीपणा दाखवला, त्याचा गौरव त्या अर्पणपत्रिकेत आहे. मराठीच्या विद्यार्थ्याला अमेरिकेतील गुलामीविरोधी चळवळीची पहिली ओळख बहुधा तेथेच होते. येथील वरिष्ठ जातींनी तो कित्ता गिरवावा अशी जोतीरावांची अपेक्षा असल्याने त्यांनी मुक्ती देणाऱ्यावर प्रकाश टाकला, हे समजण्यासारखे आहे. मात्र एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन सुधारणा-चळवळी शिकवताना आपणही तेवढ्यावरच थांबतो. मद्यपानबंदी, तुरुंगसुधारणा, १८४८ ची सेनेका फॉल्स येथील स्त्री-हक्क परिषद, गुलामीविरोध अशी यादी होते आणि प्रत्येक सदराखाली सुधारकांची नावे येतात. ज्यांची सुधारणा करायची होती ते काय लिहीत होते आणि ते लिखाण सुधारकांना वाचता येत होते काय, हा प्रश्न मागे राहतो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने एका छोट्या अरबी हस्तलिखिताचा विचार केला आहे. उमर इब्न सईद हा पश्चिम आफ्रिकेतील फुटा टोरो या प्रदेशात १७७० च्या सुमारास जन्मला. त्याने पंचवीस वर्षे धर्मविद्येचे अध्ययन केले. १८०७ साली त्याला पकडून दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्स्टन बंदरात विकण्यात आले. पहिला मालक क्रूर निघाला म्हणून तो पळाला, उत्तर कॅरोलायनातील फेएटव्हिल येथे तुरुंगात पडला आणि पुढे जेम्स ओवेन याच्या मालकीचा झाला. अखेर, १८६३ च्या सुमारास, गुलाम म्हणूनच तो मरण पावला. १८३१ साली त्याने पंधरा पानांत आपले जीवन लिहिले. अमेरिकेत गुलामाने अरबीत लिहिलेले असे आत्मकथन दुसरे उपलब्ध नाही. २०१७ पासून ते लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात आहे.

या आत्मकथनाचा आरंभ जन्मापासून होत नाही. सुरुवातीची पाने सूरह अल-मुल्कने व्यापली आहेत. समोर ग्रंथ नसताना स्मरणातून लिहिल्यामुळे काही ठिकाणी चूकभूल झाली आहे, पण निवड सहज झालेली दिसत नाही. या सूरतच्या पहिल्याच आयतीत सर्व सत्ता अल्लाहच्या हाती असल्याचे सांगितले आहे. येथे मराठी व उर्दू वाचकाला इंग्रजी वाचकापेक्षा एक सोय आहे. ‘मुल्क’ या शब्दाचे मूळ मीम-लाम-काफ. त्याच मुळापासून आपला ‘मुलूख’ आला, ‘मालक’ आला, ‘मालकी’ही आली. इंग्रजी अनुवादात ‘राज्य’ किंवा ‘सत्ता’ या अर्थाचा शब्द येतो आणि मालकीचा ध्वनी हरवतो. दुसऱ्या माणसाच्या मालकीचा असलेला माणूस आपली कहाणी याच शब्दापासून सुरू करतो, हे आपल्या कानाला भाष्याविना ऐकू येते.

लेखनाचा काळही पाहिला पाहिजे. डेव्हिड वॉकर हा विल्मिंग्टनचा, म्हणजे उत्तर कॅरोलायनाचाच, स्वतंत्र काळा मनुष्य. गुलामांना प्रतिकाराचे आवाहन करणारे त्याचे ‘अपील’ १८२९ साली बोस्टनमध्ये छापले गेले आणि त्याच्या प्रती पुढल्या वर्षी विल्मिंग्टनला पोहोचल्या. त्या वेळी राज्याचे गव्हर्नर होते जॉन ओवेन, म्हणजे उमरच्या मालकाचे सख्खे भाऊ. १८३०–३१ च्या अधिवेशनात तेथील विधिमंडळाने गुलामांना लिहिण्या-वाचण्यास शिकवणे हा गुन्हा ठरवला. त्यातून आकडेमोड तेवढी वगळली होती. तिचा मालकाला उपयोग असावा. १ जानेवारी १८३१ रोजी विल्यम लॉइड गॅरिसनचे ‘लिबरेटर’ निघाले आणि ऑगस्टमध्ये शेजारच्या व्हर्जिनियात नॅट टर्नरचा उठाव झाला. अशा वर्षी गव्हर्नरच्या घराण्यातील एक गुलाम पंधरा पाने लिहितो आणि कोणी त्याला अडवत नाही. लिपी कोणाला कळत नव्हती हे त्याचे एक कारण. दुसरे अधिक महत्त्वाचे : उमरने १८२० च्या सुमारास प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये प्रवेश घेतला होता आणि त्याचे लेखन हा धर्मांतराचा पुरावा मानला जात होता.

हा पुरावा कोणाला हवा होता? १८१६ साली अमेरिकन कॉलोनायझेशन सोसायटी स्थापन झाली होती. मुक्त काळ्या लोकांना आफ्रिकेत नेऊन वसवावे, त्यांच्या हातून तेथे ख्रिस्ती धर्माचा प्रसारही व्हावा, असा तिचा कार्यक्रम होता आणि लायबेरिया हे त्याचे फळ. गॅरिसनने १८३२ मध्ये या योजनेवर स्वतंत्र पुस्तक लिहून कडाडून हल्ला केला. चळवळीतील ही फूट आपल्या टिपणांत क्वचितच येते. या मंडळींच्या आणि धार्मिक नियतकालिकांच्या लेखी उमर म्हणजे ‘प्रिन्स मोरो’, मुसलमानाचा ख्रिस्ती झालेला विद्वान राजपुत्र. तो राजपुत्र नव्हता.

त्याच्या उपलब्ध लेखनातील अखेरचा कागद १८५७ चा आहे. त्याच्या मागे कोणीतरी इंग्रजीत नोंद करून ठेवली आहे की ही ख्रिस्ती प्रभूची प्रार्थना असून लिहिणारा निष्ठावंत ख्रिस्ती आहे. प्रत्यक्षात कागदावर सूरह अन-नस्र आहे. आपल्यापैकी कोणत्याही मदरशातील लहान मुलाने ती ओळखली असती. नोंद करणाऱ्याने खोटेपणा केला असे मला वाटत नाही. जे असायला हवे तेच आहे, असे त्याने धरले.

आता आपल्याकडे वळतो. अशा नोंदी आपणही करू शकतो. उमर मनाने अखेरपर्यंत मुसलमानच होता आणि धर्मांतर केवळ दिखाऊ होते, असे वाचन आज आकर्षक वाटते. अल-मुल्कची निवड म्हणजे गुलामीचा छुपा निषेध, हे अलीकडच्या अभ्यासकांचे प्रतिपादन मला वजनदार वाटते. परंतु त्याच पंधरा पानांत तो ओवेन कुटुंबाची मनापासून स्तुती करतो. पूर्वी आपण नमाज पढत होतो, जकात देत होतो, हजला गेलो होतो, असे सांगतो आणि आता येशूच्या शब्दांत प्रार्थना करतो असेही लिहितो. मालक वाचवून घेणार हे ठाऊक असलेल्या माणसाचे शब्द सरळ घ्यावेत की उलट, याचा निर्णय पंधरा पाने देत नाहीत. त्याला ‘आपला’ म्हणण्याची घाई करणारा मुस्लिम समीक्षक आणि १८५७ चा तो नोंदकर्ता यांच्यात फार अंतर उरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

संहितेला धरून राहिले तर अधिक हाती लागते. आपण या देशात का राहतो हे उमर अखेरीस सांगतो. १९२५ मध्ये अमेरिकन हिस्टॉरिकल रिव्ह्यूत छापलेल्या जुन्या अनुवादानुसार तो मोठ्या ‘गरजे’मुळे राहतो; अला अलरईस यांच्या २०११ च्या अनुवादानुसार मोठ्या ‘हानी’मुळे. उर्दू जाणणाऱ्याला यात नवल नाही. ‘जरूरत’ आणि ‘जरर’ हे एकाच मुळाचे शब्द आहेत. आपल्या मराठी ‘जरूर’चेही मूळ तेच. पण जुन्या अनुवादातला उमर परिस्थितीने आलेला पाहुणा वाटतो आणि नव्यातला फिर्यादी. पुढच्याच वाक्यात आपल्याला जबरदस्तीने पकडून विकल्याचे तो सांगत असल्याने दुसरा अर्थ मला अधिक जवळचा वाटतो.

इंग्रजीत लिहिणाऱ्यांचीही वाचकांपासून सुटका नव्हती. फ्रेडरिक डग्लसचे १८४५ चे आत्मकथन गॅरिसन आणि वेंडेल फिलिप्स यांच्या प्रस्तावनेसह निघाले, जणू लेखकाच्या सचोटीची हमी दोन गोऱ्यांनी द्यावी. व्यासपीठावर आपण फक्त हकिकत सांगावी, विचार मांडण्याचे काम इतर करतील, अशी अपेक्षा होती, अशी तक्रार डग्लसने पुढे नोंदवली. १८५५ च्या दुसऱ्या आत्मचरित्राला त्याने जेम्स मॅक्यून स्मिथ या काळ्या डॉक्टरची प्रस्तावना घेतली. डग्लसला प्रस्तावनाकार बदलता आला. उमरच्या हाती तेवढेही नव्हते.

तरी त्याला एक जाणता वाचक लाभला. हे हस्तलिखित पुढे लामीन केबे या मुक्त झालेल्या गुलामाकडे पाठवले गेले. केबे आफ्रिकेत शाळामास्तर होता. न्यूयॉर्कच्या थिओडोर ड्वाइट यांना त्याने आपल्या मुलखातील अध्यापनपद्धतीची आणि तेथे चालणाऱ्या ग्रंथांची माहिती दिली आणि ड्वाइट यांनी ती १८३५ मध्ये एका शिक्षणविषयक मासिकात छापली. अमेरिकेत चांगली माणसे पुष्कळ आहेत, परंतु आफ्रिकेविषयी ती फार अज्ञानी आहेत, असेही तो ड्वाइट यांना म्हणाला होता. त्याने उमरची पाने कोणाच्या अनुवादाविना वाचली असतील.