प्रतिरूपाचे संस्करण : ‘बॅटिस्टा’ मोटारीच्या बाह्यरूपाविषयी

उपयुक्त वस्तूच्या रूपाची चर्चा करताना सौंदर्य आणि कार्यक्षमता अशा दोन कोटी कल्पून त्यांपैकी एकीची बाजू घेण्याची आपली प्रथा आहे. ही विभागणी कितपत टिकते, हे पाहण्यास ‘बॅटिस्टा’ या मोटारीचे उदाहरण उपयोगी पडेल.

तूरिन येथे १९३० साली स्थापन झालेली पिनिनफरीना ही संस्था घेण्याचा करार मुंबईच्या महिंद्र उद्योगसमूहाने २०१५ मध्ये केला. पुढे २०१८ साली निघालेल्या स्वतंत्र कंपनीने ही विजेवर चालणारी मोटार मार्च २०१९ मध्ये जिनीव्हाच्या प्रदर्शनात मांडली. शक्ती १,९०० अश्वशक्ती. नियोजित संख्या अवघी १५०. प्रदर्शित प्रतिरूप डोळ्यांना परिपूर्ण वाटत होते. तरीही त्याच वर्षी पुढच्या भागाचे संस्करण झाले : टपावरील व खालच्या बाजूच्या वायुद्वारांचे प्रमाण बदलले, बाजूच्या आरशांना नवा आकार मिळाला.

येथे मूळ संस्थेचा वारसा ध्यानात घेतला पाहिजे. पिनिन फरीना यांनी घडविलेली १९४७ ची ‘सिसितालिया’ न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने १९५१ मध्ये प्रदर्शनात ठेवली. तिचे वैशिष्ट्य असे की, टप, चाकांवरील पंखे आणि मुख्य अंग हे सुटे अवयव न राहता एकाच अखंड त्वचेत विलीन झाले. ‘बॅटिस्टा’पुढील अडचण नेमकी उलट आहे. इंजिन नसले तरी बॅटरी व चार मोटारी थंड ठेवण्यास हवा लागतेच. म्हणून अखंड त्वचा छेदावी लागते. अशा वेळी छेद लपविण्यापेक्षा त्याला रेषेच्या ओघात स्थान देणे श्रेयस्कर. संस्कारित रूपातील वायुद्वारे या कसोटीस बव्हंशी उतरतात. मात्र ‘सिसितालिया’ची प्रसन्न शांती त्यांत उरलेली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. मुंबई बंदराच्या पलीकडे, उरण-अलिबागपासून मुरूडपर्यंतच्या रायगड किनाऱ्यावर, लाकडी नाव बांधणारा सुतार फळीमागून फळी बसवताना नाळेचा बाक नजरेने पारखीत असे. पाण्याला काय रुचेल याचा विचार त्याच्या हातात मुरलेला होता आणि दुरुस्तीला अखेरपर्यंत वाव होता. आता फायबरच्या होड्या साच्यातून निघतात. साच्यात राहिलेला दोष प्रत्येक होडीत उतरतो. ‘बॅटिस्टा’चे कार्बन तंतूंचे अंगही साच्यातच घडते. तेव्हा यंत्रयुगात दुरुस्तीचा क्षण निर्मितीतून सरकून तिच्या आधी, प्रतिरूपापाशी, येऊन थांबला आहे. संस्करणाचे खरे महत्त्व यात आहे. त्याला केवळ सजावट समजणे चूक ठरेल.

यावरून एक आक्षेपही निघतो. प्रथम प्रेक्षकांची दाद घ्यावी आणि मग वाऱ्याची साक्ष काढावी, हा क्रम बाजाराचा आहे, कारागिराचा नव्हे. किनाऱ्यावरील सुताराला पाण्याआधी कोणाचे मत विचारण्याची सवड नव्हती.

भांडवल मुंबईचे आणि हात तूरिनचा, यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. परंतु मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत औद्योगिक अभिकल्पाचे केंद्र १९६९ पासून असताना, समोरच्या किनाऱ्यावरील ही नजर शब्दांत व मापांत उतरवून घेण्याचे काम आपल्या अभ्यासकांनी अंगावर घेतले पाहिजे. लाकडी नावा विरळ होत चालल्या आहेत. त्या पारखणारी माणसेही.