अ‍ॅनीचा आवाज कोणाचा?

संजय लीला भन्साळी यांचा ‘खामोशी’ हा हिंदी चित्रपट १९९६ साली आला. गोव्यातील एका ख्रिस्ती घराची ही कथा. जोसेफ आणि फ्लेव्ही ब्रगांझा या दांपत्याला ऐकू येत नाही, बोलताही येत नाही. मुलगी अ‍ॅनी हीच त्यांचे कान आणि त्यांची वाचा. आज्ञाधारक लेकीचा आदर्श म्हणून पालक तिच्याकडे बोट दाखवतात. मला मात्र चित्रपटाचे मर्म त्या आज्ञाधारकपणातील कोंडमाऱ्यात दिसते.

दारोदार वस्तू विकताना आईवडिलांचे म्हणणे लोकांपर्यंत पोहोचवणाऱ्या या पोरीने स्वतःचे बालपण जगावे तरी केव्हा? धाकट्या सॅमच्या मृत्यूनंतर तिचे गाणेच थांबते. राजच्या सहवासात ते पुन्हा उमलते, तेव्हा जोसेफ लग्नाला विरोध करतो, तिला घराबाहेर काढतो. नाना पाटेकर यांनी हा संताप विलक्षण प्रामाणिकपणे उभा केला आहे. तो बहिरेपणाचा संताप नव्हे. लेक गेली की जगाशी असलेला दुवा तुटेल, या भयाचा आहे. असे भय कान शाबूत असलेल्या बापांनाही असतेच. (जोसेफला ‘मुका’ म्हणणाऱ्यांनी त्याचे हात पाहिले नसावेत.)

येथे तोबीतचा ग्रंथ आठवतो. दृष्टी गमावलेला तोबीत संशयी होतो. पत्नीला मजुरीवर बक्षीस मिळालेले करडू त्याला चोरीचे वाटते. पवित्र लेखक अंध पित्याला देवमाणूस करून बसवीत नाही. तरीही हाच पिता आपल्या एकुलत्या एका मुलाला दूर मेदियाच्या प्रवासास धाडतो. आई रडते, तर तिला धीरही तोच देतो. जोसेफला नेमके हेच साधत नाही.

त्याचे मन वळते ते नातवामुळे; अ‍ॅनीने त्याचे नाव सॅम ठेवलेले असते. येथवर सारे पटते. पण पुढे अपघात, मग बेशुद्धावस्था! दिग्दर्शकाचा स्वतःच्या कथेवरच विश्वास राहिला नाही. मुलीचे म्हणणे पित्याने समजून घेतले की नाही, हा प्रश्न अश्रूंच्या पुरात वाहून जातो.

बोरगाव मेघे येथे हा चित्रपट पुन्हा पाहताना एक जुनी गृहभेट आठवून मी ओशाळलो. कानांनी अधू असलेल्या मातेसमोर बसून मी सारा वेळ तिच्या दहा वर्षांच्या मुलाशीच बोलत होतो. निघताना ‘शहाणा आहेस हो’ म्हणून त्याची पाठही थोपटली. तो मात्र दाराबाहेर रंगलेल्या क्रिकेटकडे पाहत होता.