गटप्रमुखाचे मौन : एका निकालाचे वाचन

न्यायालयाचा निकाल हेही गद्यलेखनच होय. त्यातील शब्दांबरोबर त्याने अनुत्तरित ठेवलेले प्रश्नही वाचावे लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा १ मार्च २०२१ चा निकाल असाच वाचण्याजोगा आहे.

गोंदिया जिल्ह्यातील एका व्हॉट्सअ‍ॅप गटात एका सदस्याने गटातीलच एका स्त्रीविषयी अश्लील मजकूर लिहिला. गटप्रमुखाने त्याला काढले नाही, क्षमा मागावयासही सांगितले नाही, अशी तक्रार होती. न्या. हक व न्या. बोरकर यांनी गटप्रमुखावरील गुन्हा रद्द केला. त्यांचा युक्तिवाद सुबोध आहे : मजकूर येण्यापूर्वी तो तपासण्याचे सामर्थ्य गटप्रमुखापाशी नाही, सदस्य घेणे व वगळणे एवढाच त्याचा अधिकार, समान हेतू दिसत नसता एकाच्या लेखनाचा दोष दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही.

कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. अन्यथा नळदुर्गसारख्या गावात गायनवृंदाचा साधा गट चालविण्यासही कोणी धजणार नाही. परंतु तक्रार पूर्वतपासणीची नव्हती, नंतरच्या मौनाची होती. त्या मौनाला शिक्षा नाही, एवढेच निकाल सांगतो. शिवाय २०२२ पासून गटप्रमुखाला इतरांचा मजकूर पुसण्याचीही सोय मिळाली आहे. म्हणजे निकालातील असमर्थतेचा आधारच आता काहीसा ढळला आहे.

मॅस्टोडॉनसारख्या विकेंद्रित जाळ्यांत तर तो आणखीच ढळतो. ऑयगेन रोख्को यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या या जाळ्याला एक मालक नाही. अनेक व्यक्ती व संस्था आपापले सर्व्हर चालवितात. मजकूर सर्व्हरचालकाच्याच यंत्रावर साठतो, तो काढण्याचा व परका सर्व्हर रोखण्याचा अधिकारही त्याचाच. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ अशा मध्यस्थास सशर्त संरक्षण देते. श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ठरविले, की त्या कलमातील ‘माहिती होणे’ म्हणजे न्यायालयाचा आदेश वा शासनाची अधिसूचना मिळणे. तोवर सर्व्हरचालक कायद्याने बहुधा सुरक्षित. दुखावलेली व्यक्ती मात्र वाट पाहत राहते.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकजण गट चालवितात. निर्दोष ठरणे म्हणजे कर्तव्य बजावणे नव्हे. अशी तक्रार आपल्या गटात आली, तर त्याच दिवशी काय करावयाचे, हे आपण आजच ठरवून ठेवलेले बरे.